अर्ज कुणाच्या टेबलावर आहे?

महाविद्यालयात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळून मी निवृत्त झाले, पण परीक्षांचे फॉर्म सुटले की माझा फोन अजूनही वाजतो. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन इथे घेतली आहेत. तिन्ही महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, भरलेल्या अर्जांची आहेत, आणि तिन्हींत विचारलेला प्रश्न एकच आहे: पैसे कधी येणार? त्याची तारीख मला सांगता येत नाही, पण अर्ज नेमका कुठे थांबलाय हे कसं शोधायचं ते सांगता येतं.

प्रश्न : मॅडम, मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. अनुसूचित जातीसाठीच्या मॅट्रिकोत्तर (दहावीनंतरच्या) शिष्यवृत्तीचा अर्ज ऑक्टोबरमध्ये भरला. तेव्हापासून ‘अंडर स्क्रुटिनी’ (तपासणी सुरू) असंच दिसतंय. कॉलेजात विचारलं तर म्हणतात, आमच्याकडून पुढे गेला. जिल्ह्याच्या ऑफिसात गेलो तर म्हणाले, आमच्याकडे आलाच नाही. कोण खोटं बोलतंय? शिवाय गेल्या वर्षी माझी फी 80 हजार होती आणि पोर्टलवर 34,800 एवढेच दिसले. बाकीचे बुडाले का? — एक विद्यार्थी, मराठवाडा

कुणीच खोटं बोलत नाही, असं मला वाटतं. तुझा अर्ज बहुतेक प्राचार्यांच्या लॉगिनमध्ये आहे.

नीट सांगते. तू ‘सबमिट’ केलंस की अर्ज आधी कॉलेजातल्या शिष्यवृत्ती लिपिकाच्या लॉगिनला पडतो. तो कागद तपासतो, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षाची गुणपत्रिका, हजेरी, फीचा आकडा, आणि पुढे पाठवतो. तिथून तो प्राचार्यांच्या लॉगिनला जातो. प्राचार्यांनी मंजूर केला की मग जिल्ह्याच्या समाज कल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात. या सगळ्या प्रवासात तुला पडद्यावर तेच दोन शब्द दिसत राहतात. लिपिकाने अर्ज खरोखरच पुढे पाठवलेला असतो, म्हणून तो ‘गेला’ म्हणतो. जिल्ह्याच्या पडद्यावर तो उमटलेला नसतो, म्हणून ते ‘आला नाही’ म्हणतात. मधलं लॉगिन कुणी उघडत नाही. कुठे प्राचार्य प्रभारी असतात, कुठे कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची समिती यायची असते, कुठे त्या लॉगिनचा पासवर्ड ज्याच्याकडे होता त्याची बदली झालेली असते. एकेका कॉलेजात शे-दीडशे अर्ज या एका ठिकाणी पडून राहिलेले मी पाहिलेत, आणि मुलं मात्र जिल्ह्याच्या गावी एसटीने हेलपाटे घालत होती.

म्हणून लॉगिन केल्यावर पहिल्या पानावर थांबू नकोस. ‘माय अप्लाइड स्कीम’मध्ये जा, अर्ज क्रमांकाचा तपशील उघड, तो कोणत्या पातळीवर आहे आणि शेऱ्यात काय लिहिलंय ते वाच. त्या पानाची तारखेसह प्रिंट काढ. मग प्राचार्यांच्या नावे चार ओळींचा अर्ज लिही: माझा अर्ज क्रमांक अमुक, या तारखेला संस्थेच्या पातळीवर प्रलंबित दिसतो, कृपया पुढे पाठवावा. दोन प्रती ने. एक आवक-जावकला दे, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घे. तोंडी विचारणा संध्याकाळपर्यंत विसरली जाते; आवक क्रमांक पडला की त्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. तुझ्या वर्गात आणखी कुणाचे अर्ज अडकले असतील तर सगळ्यांचे क्रमांक एकाच अर्जावर लिहा. प्राचार्यांनाही एका बैठकीत सगळे उरकता येतात.

आणखी एक तपास. तुझ्या प्रोफाइलमध्ये मोबाइल नंबर कुणाचा आहे? मी नोकरीत असताना एक मुलगा खिडकीशी आला. दोन महिने ‘काही मेसेज नाही’ म्हणून वाट बघत होता. त्याचा अर्ज माझ्याच पडद्यावर काढला, तर तो कधीचाच परत आलेला, शेरा होता ‘गॅप सर्टिफिकेट जोडावे’. बारावीनंतर त्याचं एक वर्ष मधे गेलं होतं आणि त्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र त्याने लावलं नव्हतं. मेसेज गेला होता, पण अर्ज भरून देणाऱ्या नेट कॅफेवाल्याच्या फोनवर. त्याच्या फोनवर असे शेकडो मुलांचे मेसेज येत असणार, तो बिचारा काय काय बघणार! आम्ही तिथेच नंबर बदलला, प्रतिज्ञापत्र दुसऱ्या दिवशी आलं आणि मुदत संपायच्या आत अर्ज पुन्हा सबमिट झाला. तेव्हा नंबर तुझा, ई-मेल तुझा, पासवर्ड तुझ्याच वहीत. हे आधी करून घे.

आता 34,800. ते पैसे बुडालेले नाहीत, तो फक्त एक हिस्सा आहे. डिसेंबर 2020मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेची रचना बदलली आणि केंद्र 60 टक्के, राज्य 40 टक्के असा वाटा ठरला. आधी राज्य आपला 40 टक्के वाटा देतं, त्यानंतर केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. तुझाच हिशोब मांडू. फी 80,000. तू घरून ये-जा करत असशील तर व्यावसायिक पदवीला वर्षाचा निर्वाह भत्ता 7,000. वसतिगृहात असतास तर 13,500. घरून ये-जा धरली तर एकूण 87,000. त्याचे 40 टक्के म्हणजे बरोबर 34,800. राहिलेले 52,200 केंद्राचे. ते वेगळ्या वेळी, वेगळ्या वाटेने येतात, त्यामुळे महाडीबीटीचं पान बघून सगळी गोष्ट कळत नाही. सरकारी पैसे कुठे पोहोचले ते दाखवणाऱ्या केंद्राच्या पीएफएमएस संकेतस्थळावर ‘नो युवर पेमेंट’मध्ये बँकेचं नाव आणि खाते क्रमांक टाकून बघ. राज्याच्या वाट्यातली फीची रक्कम कॉलेजने कशी नोंदवली आहे, तेही कॉलेजच्या लेखा विभागात लेखी विचार.

आणि ते 52,200 आले की त्यातली फीची रक्कम लगेच कॉलेजात भर, पावती घे. सात दिवसांत भरायला सांगितलं जातं. घरात अडचण असते, पेरणी असते, कुणाचं आजारपण असतं, मला माहीत आहे. तरीही त्या पैशाला हात लावू नकोस. फी थकली की पुढच्या वर्षीचा अर्ज पुढे पाठवताना कॉलेज अडवतं, आणि तेव्हा तुझ्या बाजूने बोलायला माझ्यासारखीलाही जागा राहत नाही. ही योजना 1944पासून चालू आहे. तुझ्या आधी कितीतरी पिढ्या तिच्या बळावर शिकल्या. हा पैसा तुझ्या हक्काचा आहे, तेव्हा खिडकीशी उभं राहून विचारताना आवाज खाली घेऊ नकोस.

प्रश्न : मी बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती मिळते. पोर्टलवर ‘फंड डिस्बर्स्ड’ (पैसे पाठवले) दिसतंय, पण पासबुक भरून आणलं तर एक रुपया नाही. बँकेतले साहेब म्हणतात, आधार लिंक आहे. मग पैसे गेले कुठे? — एक विद्यार्थिनी, सोलापूर जिल्हा

बाळा, तू पत्रात शेवटी सहज लिहिलंयस की गेल्या वर्षी 21 पूर्ण झाल्यावर लाडकी बहीण योजनेचा फॉर्म भरला आणि त्यासाठी पोस्टाच्या बँकेत नवीन खातं काढलं. मला वाटतं पैसे तिथेच आहेत. आज उद्या जाऊन ते खातं बघून ये.

असं का होतं ते समजून घे, कारण यात फार मुलं गोंधळतात. खात्याला आधार जोडलेलं असणं आणि सरकारी पैशासाठी ते खातं निवडलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधार तुझ्या चार खात्यांना जोडलेलं असू शकतं, केवायसीसाठी ते सगळेच मागतात. पण आधारवर पाठवलेला सरकारी पैसा कोणत्या बँकेत जायचा याची नोंद एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे असते आणि त्या नोंदीत एका वेळी एकच बँक असते, जी सगळ्यात शेवटी सीड झाली, म्हणजे या नोंदीत चढली, ती. नवीन खातं उघडताना फॉर्मवर डीबीटीच्या, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात घेण्याच्या, चौकटीत खूण केली जाते, आपलं लक्ष नसतं, आणि जुनी बँक त्या नोंदीतून निघून जाते. तुझे बँकेतले साहेब बरोबरच सांगताहेत. त्यांच्याकडे आधार आहेच.

खात्री करायला ‘माय आधार’ संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपी टाकून ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघ. तिथे बँकेचं नाव आणि ‘अॅक्टिव्ह’ असं दिसलं पाहिजे. ‘इनअॅक्टिव्ह’ असेल तर शाखेत जाऊन ‘आधार सीडिंग, डीबीटीसाठी’ असं स्पष्ट लिहिलेला संमतीचा फॉर्म भरून दे. नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हणू नकोस, ते पुन्हा केवायसी करून परत पाठवतील.

खातं कसलं आहे तेही विचार. शून्य शिल्लकीवर अपुऱ्या कागदपत्रांनी उघडलेलं ‘लहान खातं’ असेल तर त्यात वर्षभरात एक लाखापेक्षा जास्त जमा होऊ शकत नाही. फार्मसीची फी त्या मर्यादेला सहज टेकते. पूर्ण केवायसी करून ते साधं बचत खातं करून घेतलं की ही अडचण मिटते. पुढचा हप्ता यायच्या आत एवढं उरकून टाक. दोन्ही योजनांचे पैसे एकाच खात्यात आले तरी काही बिघडत नाही. कोणतं खातं ठेवायचं ते एकदा ठरव आणि शिक्षण संपेपर्यंत बदलू नकोस.

प्रश्न : मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) लागली. आम्ही ओबीसी, शेती पाच एकर. मुलींना फी माफ असं ऐकलं होतं. आता तिच्या अर्जावर ‘सेंड बॅक’ आलंय आणि कॉलेज म्हणतं पूर्ण फी भरा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म घेणार नाही. अर्ज बाद झाला का? — एक पालक, विदर्भ

भाऊ, बाद झाला असता तर ‘रिजेक्टेड’ लिहून आलं असतं. ‘सेंड बॅक’ म्हणजे त्रुटी दुरुस्त करा आणि पुन्हा पाठवा. त्याला मुदत असते, तेव्हा आजच शेरा वाचायला सांगा. बहुतेक वेळा घोडं उत्पन्नाच्या दाखल्यावर अडतं: दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो, किंवा प्रोफाइलमध्ये टाइप केलेला दाखला क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक यांत एक आकडा चुकलेला असतो. वडिलांचं नाव दाखल्यावर एक आणि मुलीच्या आधारवर दुसरं, हेही होतं. फक्त कागद बदलून भागत नाही, प्रोफाइलमधला रकानाही बदलावा लागतो. आणि शेवटी पुन्हा ‘सबमिट’ दाबलं आहे ना, ते स्वतः डोळ्यांनी बघा. दुरुस्ती करून तसेच सोडून दिलेले अर्ज किती तरी असतात.

तुम्ही ऐकलं ते खरं आहे. 8 जुलै 2024च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून लागलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा 100 टक्के लाभ आहे. आधी तो 50 टक्के होता. वसतिगृह, बस, खाणावळ यात येत नाही, ते तुम्हाला भरावंच लागेल. त्यामुळे कॉलेजला ‘फी माफ आहे’ एवढंच न म्हणता फीचं रकानेवार विवरण लेखी मागा. शिक्षण शुल्क किती आणि बाकीचं किती हे कागदावर आलं की बोलणं सोपं होतं. परीक्षेचा फॉर्म अडवला तर शासन निर्णयाची प्रत, मुलीच्या अर्जाची प्रिंट आणि कॅपचं वाटपपत्र जोडून प्राचार्यांना लेखी द्या, प्रत तंत्रशिक्षणाच्या विभागीय सहसंचालकांना पाठवा. भांडायला जाऊ नका, मुलीला तिथेच चार वर्षं काढायची आहेत. पण कागद मात्र द्याच.

पुन्हा पाठवल्यावरही अर्ज हलला नाही तर आधी महाडीबीटीवरच तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या, मग ‘आपले सरकार’ तक्रार पोर्टलवर. तरीही काही झालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून साध्या कागदावर अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही लागत नाही, आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्यात ‘शिष्यवृत्ती का दिली नाही’ असं विचारू नका, त्याला गोल उत्तर येतं. असं विचारा: अर्ज क्रमांक अमुक आजच्या तारखेला कोणत्या पदावरील अधिकाऱ्याच्या लॉगिनमध्ये प्रलंबित आहे, त्या लॉगिनमध्ये तो कोणत्या तारखेला आला, आणि त्यावर नोंदवलेल्या सर्व शेऱ्यांची प्रत द्यावी. त्याखाली मुलीची सही घ्या, तुमची नको. अर्जदार ती आहे.