वाचक विचारतात : कागदाचा वसंत

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला कागदाची फुले करायची आहेत, पण मोबाइलवरच्या व्हिडिओतला वेग तिला झेपत नाही आणि अर्ध्यावर येऊन ती रडकुंडीला येते. या वयाला जमेल असे वसंतातले काही सुचवाल का? (एक आई, नाशिक)

उत्तर : या वयाच्या मुलांसाठी तीन-चार घड्यांत पूर्ण होणारीच वस्तू निवडावी आणि व्हिडिओ तूर्त बाजूला ठेवून आपण शेजारी बसून, आपल्या स्वतंत्र कागदावर, एकेक घडी तिच्यासोबत घालावी. ट्यूलिपचे फूल यासाठी उत्तम आहे. चौरस कागद कर्णावर दुमडून त्रिकोण करावा, घडीची बाजू खाली ठेवावी आणि डावा-उजवा कोपरा तिरका वर न्यावा, म्हणजे मधल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना एकेक पाकळी उभी राहते. खालचे टोक किंचित मागे दुमडले की फूल झाले.

खरे शिकवायचे असते ते पहिल्या घडीत. मुले टोकावर टोक नीट जुळवतात, पण घडी एका कडेपासून दाबू लागतात आणि तेवढ्यात कागद सरकतो. जुळलेली टोके एका हाताने घट्ट धरून घडी मधोमध दाबावी आणि तिथून दोन्ही बाजूंना बोट फिरवावे, हे तिला पहिल्याच दिवशी दाखवा. तिची घडी वाकडी गेली तरी तिच्या हातातला कागद मात्र घेऊ नका.

ट्यूलिप आपल्याकडच्या अंगणातले फूल नाही. म्हणून हिरवा देठ करण्याऐवजी लाल कागदाची लहान-मोठी फुले करून ती वाळक्या फांदीवर चिकटवावीत, असे मी सुचवेन. आपल्याकडे वसंताच्या सुमारास काटेसावर आणि पळस पाने गाळून फुलतात, त्यामुळे निष्पर्ण फांदीवरची लाल फुले मुलांना ओळखीची वाटतात.

प्रश्न : तिसरीच्या वर्गाकडून फुलपाखरू करून घेतले. शेवटच्या घडीला बऱ्याच मुलांचे कागद फाटले, काहींचे पंख वेडेवाकडे झाले. आम्ही घोटीव कागद वापरला होता. कुठे चुकत असेल? (एक शिक्षिका, चिपळूण)

उत्तर : दोष मुलांच्या हातांचा नाही, हे आधी सांगायला हवे. घोटीव कागद चिकटकामाला छान असतो, पण अनेक पदरांची जाड घडी आली की त्याचा रंग घडीवर तडकतो आणि तिथूनच तो फाटतो. कार्डशीट जाड पडते, पतंगाचा कागद फारच नाजूक. झेरॉक्ससाठी मिळणारा रंगीत ए-फोर कागद घ्यावा. त्यातून २१ सेंटिमीटरचा चौरस निघतो आणि आठ-नऊ वर्षांच्या बोटांना हा आकार १५ सेंटिमीटरच्या नेहमीच्या ओरिगामी कागदापेक्षा सोपा जातो.

आता घड्या पाहू. एका बाजूनेच रंगीत असलेला कागद असेल, तर पांढरी बाजू वर ठेवून दोन्ही कर्णांवर घड्या घालून उघडाव्यात. मग कागद उलटा करून मध्यावर एकच आडवी घडी घालावी आणि तीही उघडावी. पुन्हा पांढरी बाजू वर घेऊन या आडव्या घडीची दोन्ही टोके आत, एकमेकांकडे आणली की कागद आपोआप मिटतो आणि दुपदरी त्रिकोण तयार होतो. इथे मुलांना घाई करू देऊ नये. काहींच्या घड्या उलट बाजूला पडलेल्या असतात आणि कागद मिटायला नकार देतो, तेव्हा जोर न लावता घड्यांची दिशा तपासावी.

त्रिकोणाचे टोक आपल्याकडे ठेवून फक्त वरच्या पदराचे दोन्ही कोपरे त्या टोकाशी आणावेत आणि कागद उलटा करावा. यानंतरची घडी अवघड. खालचे टोक वर नेऊन सरळ कडेच्या साधारण एक सेंटिमीटर पलीकडे जाईल असे धरायचे असते, आणि मागचे दोन सुटे कोपरे त्याच्याबरोबर वर ओढायचे नसतात. ते खालीच राहिले तर त्यांचेच खालचे पंख होतात. टोक कडेपलीकडे जायचे, म्हणून ही घडी अर्ध्या उंचीच्या थोडी वर पडते. ती पंखांच्या घड्यांना छेद देते, त्यामुळे दोन्ही बाजूंचा कागद ताणला जातो. मुले तो ताण सपाट करायला जातात आणि नेमके तिथेच फाटते. दाबायचे ते फक्त मधले बोटभर; बाजूंना कागद फुगला तर फुगू द्यावा, कारण पंखांना गोलाई त्यानेच येते. कडेबाहेर आलेले टोक पलीकडे दुमडून बसवावे आणि शेवटी फुलपाखरू मधोमध हलकेच मिटून सोडावे.

प्रश्न : माझा सात वर्षांचा नातू योकोहामाला असतो. ५ मे रोजी व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघांनी मिळून कागदी शिरस्त्राण करायचे ठरवले आहे. डोक्यात बसेल असे करण्यासाठी कागद केवढा घ्यावा? (एक आजोबा, पुणे)

उत्तर : जपानमध्ये ५ मे हा बालदिन असतो. १९४८ पासून ती राष्ट्रीय सुट्टी आहे, आणि वर्तमानपत्राचे शिरस्त्राण, ज्याला तिथे काबुतो म्हणतात, हा त्या दिवसाचा मुलांचा आवडता उद्योग आहे. शिरस्त्राणाचा घेर चौरसाच्या बाजूच्या साधारण १.४ पट होतो. म्हणून सात वर्षांच्या मुलाला ४० सेंटिमीटरचा चौरस पुरतो, आपल्यासाठी ४५ चा घ्यावा.

कागदाचा त्रिकोण करून त्याचे टोक खाली ठेवावे आणि दोन्ही बाजूंचे कोपरे त्या टोकाशी आणावेत. तेच कोपरे वरच्या टोकापर्यंत उलटे दुमडून त्यांची अग्रे बाहेर तिरकी काढली की शिंगे होतात. खाली राहिलेल्या दोन पदरांपैकी पुढचा आधी अर्ध्याहून थोडा जास्त वर दुमडावा आणि मग कपाळपट्टीसारखी आणखी एक घडी घालावी. मागचा पदर आत खोचावा. बाहेर राहिला तर शिरस्त्राण डोक्यावर टिकत नाही.