आधी कविता, मग पडदा

प्रश्न : नागपूरच्या मानेवाडा भागातल्या एका खासगी शाळेत मी सातवीला मराठी शिकवते. यंदा वर्गात मोठा टचस्क्रीन पॅनल बसवला. कवितेचं ॲनिमेशन लावलं की वर्ग एकदम शांत. पण नंतर त्याच कवितेवर चार ओळी लिहा म्हटलं, की वह्या कोऱ्या. पॅनल रोज वापरल्याची नोंद मात्र ठेवावी लागते. काय करू? (एक शिक्षिका)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की वर्ग शांत असतो. भाषेच्या तासाला इतकी शांतता कशाला? कवितेत पाऊस आला आणि लगेच पडद्यावर कुणा चित्रकाराचा पाऊस पडला, की मुलाला स्वतःचा पाऊस आठवायची गरजच उरत नाही. तुमच्या वर्गात अशी मुलं असतील ज्यांना २०२३च्या सप्टेंबरमधली, अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरलं ती रात्र आठवत असेल. त्यांच्याकडे पावसाबद्दल सांगण्यासारखं ॲनिमेशनपेक्षा कितीतरी जास्त आहे.

म्हणून क्रम उलटा करा. पडदा बंद ठेवून कविता तुम्ही मोठ्यानं वाचा, सावकाश, दोनदा. डोळ्यांपुढे काय आलं ते मुलांना सांगू द्या. कुणाला चित्र काढायचं असेल तर काढू द्या. ॲनिमेशन सगळ्यात शेवटी लावा आणि एकच प्रश्न विचारा : यातलं कवितेत काय आहे आणि चित्रकारानं पदरचं काय घातलं? या प्रश्नावर मुलं तावातावानं बोलतात, आणि जे बोलून झालं ते लिहायला जड जात नाही.

नोंदवहीची काळजी सोडा, पॅनल रोज वापरता येईल. त्यावर लावण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे मुलाच्या हातचं पान. त्याला विचारून मोबाइलनं पानाचा फोटो काढा, नाव झाका आणि पडद्यावर मोठा करा. वाक्य कुठे अडखळलं, शब्द दोनदा कुठे आला, कुठली ओळ झकास जमली, ते सगळ्या वर्गानं मिळून शोधायचं. जमलेल्या ओळीपासूनच सुरुवात करा, एवढा माझा आग्रह आहे.

आता एक उपक्रम सांगते. त्याला पॅनलपेक्षा साधा मोबाइल जास्त कामाचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे ईडापीडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. १८८०च्या दशकापासूनची ही परंपरा, आणि सोबत चालू घडामोडींवर बोट ठेवणारे पुतळे, म्हणजे बडगे. 'ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत' ही आरोळी तुमच्या वर्गातल्या बऱ्याच पोरांनी ऐकलेली असणार. प्रत्येकानं घरातल्या किंवा शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाला विचारायचं : तुमच्या लहानपणची मारबत कशी होती? परवानगी घेऊन, दोन मिनिटं रेकॉर्ड करायचं. ज्याच्या घरी फोन मोकळा नसेल त्यानं जोडीदाराबरोबर जावं.

वर्गात चौघांचा गट करा. प्रत्येक गटानं एकच रेकॉर्डिंग घ्यायचं आणि त्यातलं फक्त एक मिनिट कागदावर उतरवायचं. तेवढ्याला अख्खा तास लागतो आणि तो सत्कारणी लागतो. बोलणारी आजी वाक्य कुठे संपवते हे ऐकल्याशिवाय पूर्णविराम देता येत नाही. ती 'मले', 'तुले' म्हणते, 'डोया' म्हणते, 'सांगून राह्यली' म्हणते. ते तसंच्या तसं लिहून घ्या. मग बाजूला तेच पुस्तकी मराठीत लिहायला सांगा. पहिल्या रकान्यावर लाल पेन चालवू नका. दोन्ही रकाने शेजारी ठेवले की व्याकरण मुलांना आपणहून दिसू लागतं : प्रत्यय कुठे बदलला, क्रियापद कसं फिरलं. विभक्तीचा तक्ता पाठ करून घेताना ही जाग मला वर्गात क्वचित दिसली.

याच्या पुढची पायरी म्हणजे व्हॉइस टायपिंग. फोनच्या कीबोर्डवर ते मराठीत मिळतं. मुलीनं आपला उतारा फोनपुढे वाचायचा आणि फोननं जे लिहिलं ते पडद्यावर लावायचं. विरामचिन्हं बहुधा गायब असतात, वऱ्हाडी शब्दांचं भलतंच काही होतं, ऱ्हस्वदीर्घ कधी बरोबर तर कधी नाही. शुद्धलेखनाच्या नियमांशी एरवी फटकून वागणारी मुलं इथे यंत्राच्या चुका काढायला चढाओढ करतात. हे जमलं की आपल्या वर्गाचा एक बडगा ठरवा. शाळेतली कुठली ईडापीडा जावी? त्यावर दोन ओळींची घोषणा, ठेक्यात बसणारी. तोवर कुणाचीही वही कोरी राहिलेली नसेल.

प्रश्न : रामटेक तालुक्यात देवलापारच्या बाजूला माझी जिल्हा परिषद शाळा आहे. पहिली-दुसरीतली बरीच मुलं घरी गोंडी बोलतात. नेट कधी असतं, कधी नसतं. आमच्यासारख्यांनी तंत्रज्ञान कशाला धरायचं? (एक शिक्षक)

उत्तर : सर, पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची वाट आपल्याकडे ज्यांनी दाखवली, ते रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतलेच. २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. तुमच्या शाळेला हे शोभतं की नाही, ही शंका मनातून काढून टाका.

नेट हवं ते फक्त उतरवून घेण्यापुरतं. तालुक्याला जाल तेव्हा दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवरचं साहित्य फोनमध्ये घ्या, वर्गात ते नेटशिवाय चालतं. पण तुमच्या मुलांसाठी मी याहून आधी रेकॉर्डर धरेन. गोंडी ही द्राविडी कुळातली, तेलुगूच्या नात्यातली भाषा. ते लेकरू 'बिघडलेली मराठी' बोलत नाही. ते तुमच्या वर्गात एक नवी भाषा शिकतंय आणि त्याला तसाच वेळ मिळायला हवा. गावातल्या एखाद्या आजीकडून छोटी गोष्ट गोंडीत रेकॉर्ड करून आणा. मुलांनी ती ऐकायची, चित्रं काढायची, गोंडीतच एकमेकांना सांगायची. नंतर प्रत्येक चित्राखाली एक ओळ गोंडीत, देवनागरीत लिहिलेली, आणि तिच्याखाली मराठी. तुम्हाला गोंडी येत नसेल तर मोठ्या वर्गातली मुलगी दुभाषी म्हणून बसवा. शिवलेलं ते पुस्तक वर्गातच राहू द्या. पुढच्या वर्षीच्या पहिलीला तेच वाचन.

प्रश्न : सक्करदऱ्यात कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. मुलं निबंध एआयकडून लिहून आणतात. घरी लिहायला देणं बंद करावं का? (एक प्राध्यापक)

उत्तर : बंद करू नका, विषय बदला. 'पाऊस पडला नाही तर' हा विषय दिला की यंत्राला मोकळं रान मिळतं. 'तुमच्या घरातल्या एका माणसाचं काम, त्याच्याच तोंडून' हा विषय देऊन बघा. कळमन्यात संत्र्याच्या पेट्या उतरवणारा बाप, इतवारीत हिशेब लिहिणारा काका, डबे करणारी आई : यांच्याशी बोलल्याशिवाय तो निबंध होत नाही. निबंध दिल्यावर दोन मिनिटं त्यावर तोंडी प्रश्न विचारा.

एआयचा एखादा निबंध उघडपणे वर्गातही आणा. नागपुरातलं कुणीही कधी बोलणार नाही अशी वाक्यं मुलांना अधोरेखित करू द्या. त्यातली विधानं मराठी विश्वकोशात पडताळून पाहू द्या, तो इंटरनेटवर मोफत आहे. मग त्याच विषयावर प्रत्येकाला वर्गातच एक परिच्छेद हातानं लिहायला लावा.