पहिल्यांदाच वॉलाय मासा पकडायच्या टूर्नामेंटला चाललायस?

अरे, दोस्तांबरोबर अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक इरी तलावावर उतरतोयस ना, मग आधी गळाची महागडी रॉड घ्यायचं डोक्यातून काढ. आदल्या दिवशी बोट काढून मासा किती फूट खोल आहे ते बघून ठेवा, तलावाचा पश्चिमेकडचा भाग उथळ आहे, सरासरी २४ फूट, त्यामुळे वारा सुटला की बघता बघता लाटा उसळतात, लाइफ जॅकेट घालूनच बस. वॉलायला अंधुक उजेडात मस्त दिसतं, म्हणून पहाट सोडू नका. गांडूळ हुकला सरळ लाव, गोळा झाला की नुसतं गरगरतं. आणि जाळं कोण धरणार ते आधीच ठरवा बाबा, आमचा सगळ्यात मोठा मासा दोघं एकदम जाळ्याकडे धावले म्हणून बोटीला घासून सुटला, अजून भांडतो त्यावरून. लाइव्हवेलचं, म्हणजे बोटीवर मासे जिवंत ठेवायच्या टाकीचं, पाणी बघत राहा, मेलेल्या माशामागे बऱ्याच ठिकाणी टूर्नामेंटमध्ये मोजलेल्या वजनातून कापतात.