कान्हेरी लेणी एका दिवसात नीट पाहून होतात का? पावसाळ्यात जावं का, आणि बिबट्याची भीती कितपत?

होतात, फक्त क्रम उलटा ठेवा. बहुतेक लोक तिकीट काढून थेट 3 नंबरच्या चैत्यगृहात (बौद्ध भिक्षूंच्या प्रार्थनेच्या मोठ्या दालनात) शिरतात, तासभर फोटो काढतात आणि वर शंभरेक लेणी उरलीत याचा पत्ता न लागता परततात. चैत्याचं तोंड पश्चिमेला आहे, आत ऊन दुपारनंतर येतं. त्यामुळे सकाळी डोंगर चढा आणि चैत्य उतरताना पाहा.

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवलीतल्या मुख्य फाटकापासून लेणी साधारण 6 किलोमीटर आत आहेत. चालत गेलात तर पाय तिथंच दमतील, बस किंवा सायकल बरी. उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं पुरातत्त्व खात्याचं वेगळं. सोमवारी बंद.

वर जाताना पाण्याचा माग काढत जा, कान्हेरीची खरी गंमत त्यात आहे. बहुतेक लेणी म्हणजे छोटा विहार, भिक्षूंची राहायची जागा: ओटा, खडकातलाच बाक, एखादी खोली आणि अंगणाच्या कडेला टाकं. उतारावरचं पावसाचं पाणी कातळात खोदलेल्या पन्हळींतून या टाक्यांत येतं. शिलालेखांत टाक्याला 'पोढी' म्हटलंय, आणि ती खोदायला दान देणाऱ्यांत कल्याण, सोपाऱ्याची माणसं आहेत. इतक्या भिक्षूंची बाराही महिने सोय लागली ती या पोढ्यांमुळे. 11 नंबरच्या दरबार लेण्यातले लांबलचक दगडी बाक, 41 मधला अकरा मुखांचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर आणि 90 मधले पहलवी (जुन्या इराणी भाषेतले) लेख चुकवू नका. हे लेख 1009 आणि 1021 सालचे, इथं येऊन गेलेल्या पारशांचे. अक्षरं दिसत नसतील तर टॉर्च समोरून नको, बाजूनं तिरपा धरा. खडू किंवा पाणी लावून अक्षरं उठवायचा उद्योग मात्र अजिबात नको.

भर पावसात पन्हळी वाहताना दिसतात हे खरं, पण पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि मधल्या ओढ्याचं पाणी अचानक चढतं. पाऊस ओसरतानाचे दिवस उत्तम, टाकी भरलेली असतात आणि कातळ कोरडा. उन्हाळ्यात तोच कातळ दुपारी तापतो, माणशी 2 लिटर पाणी हवंच.

बिबटे आहेत, पण ते मुख्यतः रात्री आणि सांजसकाळी फिरतात. संध्याकाळ व्हायच्या आत रस्त्याला लागा, परवानगीशिवाय आडवाटेला शिरू नका, मुलांना पुढं पळू देऊ नका. दिसलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही; तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागं सरकायचं. रोजचा त्रास खरं तर माकडांचा. हातात खाऊची पिशवी दिसली की ती गेलीच म्हणून समजा.

आणि इथल्या कारवीच्या झुडपांचा फुलोरा डोक्यात असेल तर तो 2024 मध्ये होऊन गेला. आठ वर्षांचं चक्र आहे, म्हणजे आता थेट 2032.