'नोव्हम ऑर्गनम'चा अर्थ आणि बेकनचे तीन तक्ते

तुमचे प्रश्न दोन. नोट्समध्ये 'नोव्हम ऑर्गनम'चं भाषांतर 'नवा अवयव' असं दिलंय ते बरोबर का, आणि या ग्रंथामुळे इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनला वैज्ञानिक पद्धतीचा जनक म्हणावं का. पहिला सोपा आहे, तो आधी उरकतो.

भाषांतर चुकलंय. ग्रीक 'ऑर्गनॉन' म्हणजे साधन, अवजार. अवयवाचा अर्थ त्यातूनच आला, कारण डोळा काय किंवा हात काय, शरीराची साधनंच. ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रावरच्या सहा ग्रंथांना त्याच्या मागून आलेल्यांनी 'ऑर्गनॉन' हे एकत्रित नाव दिलं. बेकनने १६२० साली लंडनमध्ये आपला लॅटिन ग्रंथ छापला आणि त्याला नाव दिलं नवं ऑर्गनॉन, म्हणजे 'नवं अवजार'. जुनं निकामी झालंय हे नावातच सांगून टाकलं. (गंमत म्हणजे आपल्या न्यायदर्शनात, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रात, अनुमानाच्या प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन या पाच भागांना 'अवयव'च म्हणतात. पण हा निव्वळ योगायोग आहे, परीक्षेत लिहू नका.)

अवजार हाच शब्द का, हे दुसऱ्याच सूत्रात कळतं. ग्रंथ सूत्ररूप आहे, पहिल्या भागात १३० सूत्रं आणि दुसऱ्यात ५२. बेकन म्हणतो की नुसत्या हाताने फारसं काम होत नाही, तसंच नुसत्या बुद्धीनेही होत नाही. पुढे तो वर्तुळाचा दाखला देतो. मोकळ्या हाताने गोल काढायचा तर हात तयार लागतो, कंपास दिला की कुणालाही जमतं. विचाराला असा कंपास हवा, हे त्याचं म्हणणं.

जुन्या तर्कावर त्याचा राग कशासाठी? तिथे विधानं आधीच गृहीत धरलेली असतात. विधानं शब्दांची, शब्द कल्पनांचे. कल्पनाच धूसर असतील तर वरचा इमला कितीही रेखीव असो, पाया कच्चाच. आणि कल्पना धूसर का होतात, तर मनात 'इडोला' असतात. याचंही 'मूर्ती' असं भाषांतर सर्रास दिसतं. त्याला अभिप्रेत आहेत आभास, भुतावळ म्हणा हवं तर. मानवजातीचे, गुहेचे (म्हणजे ज्याच्या त्याच्या स्वभावाचे), बाजाराचे (भाषेचे) आणि रंगमंचाचे (प्रस्थापित मतांचे) असे चार प्रकार. यादी तुमच्या नोट्समध्ये असणारच. ४६वं सूत्र मात्र बहुधा नसेल, आणि माझ्या मते सगळा ग्रंथ त्यात आहे.

त्यात एक जुनी गोष्ट येते. देवळात काही चित्रं टांगलेली असतात. जहाज फुटलं, नवस बोलले आणि वाचले, अशा लोकांनी लावलेली. एकाला ती दाखवून विचारतात, आता तरी देवाची शक्ती मानतोस ना? तो उलट विचारतो, नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? नवस फेडायला कोण येतं, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. न फळलेला नवस कुणी मोजत नाही. बेकनचा मुद्दा देवाविरुद्ध नाही, मनाविरुद्ध आहे. मनाला होकारी उदाहरणं आवडतात, आणि नियम तपासायला नकारी उदाहरण जास्त कामाचं असतं.

आता दुसऱ्या भागातले तक्ते बघा. प्रश्न घेतलाय, उष्णता म्हणजे काय. पहिल्या तक्त्यात उष्णता जिथे आहे ती उदाहरणं: सूर्यकिरण, ज्वाळा, पाणी टाकलेला चुना, घासलेल्या वस्तू, ओलं गवत रचून ठेवलेला ढीग, ताजी लीद. दुसऱ्यात त्यांच्यासारखीच, पण उष्णता नसलेली, उदाहरणार्थ चंद्रप्रकाश. तिसऱ्यात कमीजास्त होणारी. मग गाळणी. चंद्राचा प्रकाश ऊब देत नाही, तेव्हा प्रकाश हे उष्णतेचं स्वरूप नव्हे, काट मारा. असं गाळत गाळत तो उष्णता ही एक प्रकारची गती आहे इथवर येतो. अठराव्या शतकात उष्णता हे एक द्रव्य आहे असं मत जोरात होतं, ते मागे पडायला एकोणिसावं शतक उजाडलं. तेव्हा अंदाज वाईट नव्हता. न्यायदर्शन शिकलेल्यांना इथे अन्वय-व्यतिरेक (एक असताना दुसरं असणं, एक नसताना दुसरं नसणं) आठवेल आणि आठवायला हरकत नाही. फक्त बेकन व्यतिरेकाची उदाहरणं मुद्दाम हुडकत जायला लावतो.

जनक? मी हा शब्द वापरणार नाही. अरब शास्त्रज्ञ इब्न अल्-हैथमने प्रकाशावर प्रयोग केले ते याच्या सहाशे वर्षं आधी. शिवाय बेकनच्याच हयातीत गॅलिलिओ आणि केप्लर जे करत होते त्यात गणित मध्यभागी होतं, आणि बेकनच्या तक्त्यांत गणिताला जवळपास जागाच नाही. अंदाज बांधून मग तो तपासणं यालाही तो बिचकतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचं मत त्याने मानलं नाही. तक्ते भरून कुणी मोठा शोध लावल्याचं निदान माझ्या वाचनात नाही. पण १६६० साली रॉयल सोसायटी ही लंडनची वैज्ञानिकांची संस्था निघाली तेव्हा तिने बेकनला आपला पूर्वज मानलं, कारण अनेकांनी मिळून, वर्षानुवर्षं निरीक्षणं जमवायची ही कल्पना त्याने जोरकसपणे मांडली होती. हे श्रेय त्याचं आहे. १६२१ मध्ये लाचेच्या आरोपावरून त्याचं लॉर्ड चॅन्सेलरपद गेलं, पण त्याचा या श्रेयाशी संबंध नाही. नोट्समध्ये दोन्ही एकाच परिच्छेदात कोंबतात म्हणून सांगितलं.

मूळ वाचायचं असेल तर पहिला भाग सलग वाचा, सूत्रं छोटी आहेत. दुसऱ्यातली ११ ते २० एवढी पुरेत. त्यापुढे तो विशेष उदाहरणांचे २७ प्रकार सांगत बसतो, तिथे मीही दोनदा अडकून पुस्तक मिटलंय. त्यातला चौरस्त्यावरच्या दिशादर्शक पाटीचा प्रकार तेवढा शोधून वाचा. दोन स्पष्टीकरणांतून एक निवडायला लावणाऱ्या निर्णायक प्रयोगाची कल्पना तिथली आहे.