तपासणी विभागातील पहिली नोकरी

प्रश्न : मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेऊन मला आठ महिने झाले. यंत्रभाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणी विभागात आहे. दिवसभर मापे घ्यायची आणि नोंदी भरायच्या, एवढेच काम असते. बरोबरचे मित्र डिझाइनमध्ये गेले. शिकलेले सारे वाया चालले आहे असे वाटते. नोकरी सोडून डिझाइन सॉफ्टवेअरचा पूर्णवेळ अभ्यासक्रम करावा का?

उत्तर : इतक्यात नोकरी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारखान्यातल्या सगळ्या चुका शेवटी तुमच्या टेबलावर येतात, आणि शिकण्यासाठी याहून चांगली जागा नवख्या इंजिनिअरला सहसा मिळत नाही. मात्र माप घेणारा मापापाशीच थांबला, तर ते काम खरोखरच कारकुनी होते, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे.

ड्रॉइंगवर २५ मिलिमीटर एच७ (मापात किती फरक चालेल ते सांगणारी खूण) असे छिद्र मागितले असेल, तर त्याचा व्यास २५.००० ते २५.०२१ मिलिमीटर यांच्या दरम्यान हवा. म्हणजे हाताशी केवळ २१ मायक्रॉन असतात. मापनासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण तापमान धरतात. पोलादाचा जॉब, म्हणजे घडवलेला भाग, मशीनवरून उतरवल्याबरोबर, त्याहून २० अंशांनी गरम असताना मोजला, तर छिद्र सुमारे सहा मायक्रॉन मोठे भरते. त्या वेळी २५.००३ दाखवून पास झालेला जॉब थंड झाल्यावर २४.९९७ च्या आसपास येतो, आणि जुळणीच्या वेळी शाफ्ट त्यात जात नाही. प्रसरणांकाचे गणित तुम्ही परीक्षेत सोडवले असेलच. रिजेक्शनच्या ढिगाऱ्यात ते पुन्हा भेटते, तेव्हा शिकलेले वाया गेले असे म्हणवत नाही.

आता तुमच्या नोंदी घ्या आणि सलग तीसएक जॉबचे व्यास क्रमाने आलेखावर मांडा. छिद्र आतून कापणाऱ्या बोअरिंग टूलची धार झिजत जाते तसा व्यास हळूहळू कमी होतो आणि इन्सर्ट (टूलचे बदलता येणारे पाते) बदलला की एकदम वर जातो. नेहमीचे किरकोळ चढउतार कोणते आणि कारण शोधता येईल असा बदल कोणता, हे वेगळे करता यावे म्हणूनच अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेख मांडला. (पुष्कळ ठिकाणी तो ऑडिट जवळ आले की एका बैठकीत भरून टाकतात, तुम्ही तो स्वतःसाठी काढावा.) मग तो आलेख घेऊन ऑपरेटरकडे जा. चूक दाखवायला गेलात तर तो गप्प बसेल. पण मशीनचा आवाज कसा बदलला, चिप (कापताना निघणारा धातूचा कीस) कशी येऊ लागली की आपण इन्सर्ट बदलता, असे विचारलेत तर मनापासून सांगेल. ऐकलेले त्याच दिवशी वहीत उतरवून ठेवा.

सॉफ्टवेअर कामावरून आल्यावर, संध्याकाळीही शिकता येते. डिझाइनच्या मुलाखतीत आज्ञा पाठ असणारे अनेक जण येतात. याच छिद्राला एच९ चे ५२ मायक्रॉन चालत असताना एच७ मागितल्याने मशीनिंगचा आणि तपासणीचा खर्च कसा वाढतो, हे अनुभवातून सांगू शकणारे थोडेच असतात.

दीडएक वर्ष असे काम झाल्यावर ती वही बरोबर घेऊन प्रोसेस इंजिनिअरिंग किंवा फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारी साधने) विभागात बदली मागावी. वरिष्ठ मशीनजवळ फिरकूच देत नसतील आणि नुसत्या सह्या करून घेत असतील, तर मात्र दीड वर्ष थांबण्याचे कारण नाही. अशा वेळी दुसरी नोकरी शोधावी, परंतु नियुक्तिपत्र हाती पडेपर्यंत राजीनामा देऊ नये.