तुमचे प्रश्न: टीआयचं ओपन क्वालिफायर नक्की कुणासाठी?

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं की डोटा २ ची सगळ्यात मोठी स्पर्धा, म्हणजे द इंटरनॅशनल, जिला सगळे टीआय म्हणतात, ती २०१८ ला जिंकणारी टीम ओजी ओपन क्वालिफायर, म्हणजे कुणालाही नाव देता येणारी पात्रता फेरी, खेळून आली होती. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की हा अख्खा अंक त्यालाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. ज्यांनी डोटा कधीच बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, पाच विरुद्ध पाच, प्रत्येकाकडे एक हिरो, समोरच्यांचा एन्शंट, म्हणजे त्यांच्या तळातली मुख्य इमारत, पाडला की गेम आपला.

दादा, आम्ही सांगलीचे पाच मित्र इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहोत, रोज डोटा खेळतो. टीआयच्या ओपन क्वालिफायरला आम्ही खरंच नाव देऊ शकतो का की ते फक्त नावाला ओपन असतं?

देऊ शकता. फी नाही, कुणाची शिफारस लागत नाही, आधी काही जिंकलेलं असायला लागत नाही. पाच जण, पाच अकाउंट, वेळेत नोंदणी आणि मॅचच्या दिवशी वेळेत चेक-इन, झालं. अकाउंटचे नियम दरवर्षी थोडे बदलतात म्हणून नियमांचं पान आधी नीट वाचा, एकाचं अकाउंट नियमात बसलं नाही तर पाचही जण घरी बसतात.

रचना अशी असते की मोठ्या टीम्सना थेट आमंत्रण जातं, मग उरलेल्या जागांसाठी प्रत्येक रीजनचं, म्हणजे जगाच्या एकेका विभागाचं, एक क्वालिफायर, आणि त्या रीजनल क्वालिफायरमधे शिरायचं जे दार ते ओपन क्वालिफायर. म्हणजे ओपन जिंकलं की टीआय नाही मिळत, रीजनल मिळतं, आणि तिथे मग रोज पगारावर खेळणाऱ्या टीम्स बसलेल्या असतात. ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. भारत आग्नेय आशियाच्या रीजनमधे धरला जातो, त्यामुळे तुमच्या समोर फिलिपिन्स, इंडोनेशिया, मलेशिया, थायलंडची पोरं असतील, आणि फिलिपिन्सची पोरं काय खेळतात ते तुम्हाला पबमधे, म्हणजे रोजच्या अनोळखी लोकांबरोबरच्या गेममधे, कळलंच असेल.

आता खरं अवघड काय ते सांगतो. सुरुवातीचे राउंड एकाच गेमचे असतात आणि हरलात की बाहेर. त्या ब्रॅकेटमधे दुसरी संधी नाही. आणि तुम्ही रोज जो डोटा खेळता तो बहुतेक ऑल पिक, म्हणजे ज्याला जो हवा तो हिरो घ्या असा, असणार, इथे कॅप्टन्स मोड असतो, दोन्ही कॅप्टन आळीपाळीने हिरो बॅन आणि पिक करतात, यालाच ड्राफ्ट म्हणतात, आणि पाच चांगले प्लेयर असलेली टीम ड्राफ्टमधेच अर्धी हरून बसते कारण कॅप्टनला आपल्या मिडवाल्याचे, म्हणजे मधल्या लेनमधे खेळणाऱ्याचे, चार हिरो सोडून पाचवा माहीत नसतो आणि समोरच्यांनी त्यातले दोन बॅन केलेले असतात. म्हणून महिनाभर आधीपासून फक्त कॅप्टन्स मोड खेळा, दुसऱ्या टीमबरोबर स्क्रिम, म्हणजे सरावाच्या मॅच, लावा, दोन-तीन ड्राफ्ट अगदी तोंडपाठ करा. शंभर हिरो येण्यापेक्षा पाच जणांना एकत्र नीट येणारे पंधरा हिरो एका गेमच्या राउंडला जास्त कामाला येतात.

मी स्वतः हॉस्टेलच्या चार मित्रांबरोबर एकदा खेळलोय. पहिल्या राउंडला समोरची टीम आलीच नाही, हे ओपनमधे नेहमी होतं, दुसरा गेम आम्ही पन्नास मिनिटं खेळून जिंकलो आणि तिसऱ्यात ऐन फाइटला आमच्या ऑफलेनरच्या, म्हणजे अवघड बाजूची लेन सांभाळणाऱ्याच्या, घरची लाइट गेली. पॉज घेतला, पॉजची मुदत संपली, चार जणांनी खेळलो, हरलो. तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, इन्व्हर्टर आणि मोबाइलचा हॉटस्पॉट ही पण तयारीच आहे.

माझा मित्र म्हणतो ओजीची २०१८ ची गोष्ट फुगवलेली आहे, ते आधीच मोठे चॅम्पियन होते, त्यांना अंडरडॉग का म्हणायचं? खरं काय? (नाशिक)

मित्राचं अर्धं बरोबर आहे. ओजी नवखी टीम नव्हतीच, फ्रँकफर्ट, मनिला, बॉस्टन आणि कीव्ह असे चार मेजर, म्हणजे टीआयखालच्या मोठ्या स्पर्धा, त्यांनी २०१५ ते २०१७ मधे जिंकले होते. नाव मोठं होतं. पण २०१८ च्या मे अखेरीस त्या नावाखाली उरलं काय होतं ते बघा. फ्लाय आणि एसफोर हे दोन प्लेयर एकदम इव्हिल जीनियसेस या अमेरिकन टीमला, म्हणजे ईजीला गेले. फ्लाय नोटेलचा वर्षानुवर्षांचा जोडीदार, दोघांनी मिळून ही टीम उभी केलेली, आणि टीआय तोंडावर. टीममधे उरले नोटेल आणि जेराक्स. कोच असलेला सेब खुर्ची सोडून ऑफलेनला खेळायला बसला. ब्रेकवर गेलेला आना परत आला, वय १८. आणि मिडला टॉपसन, फिनलंडचा २० वर्षांचा मुलगा, जो कधी मोठ्या स्टेजवर खेळलाच नव्हता, त्याची पहिली मोठी लॅन, म्हणजे सगळ्यांनी एका जागी येऊन खेळायची, स्पर्धा म्हणजे थेट टीआय.

तेव्हाचा नियम असा होता की ठरलेल्या तारखेनंतर प्लेयर बदलले तर थेट आमंत्रण विसरा, ओपन क्वालिफायरपासून सुरू करा. त्यामुळे चार मेजर जिंकलेला नोटेल युरोपच्या ओपनमधे कॉलेजच्या पोरांच्या टीम्सबरोबर एकाच ब्रॅकेटमधे. आणि युरोपातून टीआयला जागा किती होत्या माहितीये? १. आठ टीम्सना आमंत्रण, बाकी दहा जागा सगळ्या रीजनमधे वाटलेल्या, उत्तर अमेरिकेला ३, चीन आणि आग्नेय आशियाला दोन-दोन, युरोपला १. ती एक ओजीनं घेतली.

मजा म्हणजे ईजीनं पण प्लेयर बदललेले, त्यामुळे त्यांनाही अमेरिकेत ओपनपासूनच यायला लागलं. दोघं खालून वर चढत आले आणि व्हँकुव्हरला, जिथे ती टीआय झाली, अप्पर ब्रॅकेटमधे, म्हणजे अजून न हरलेल्या टीम्सच्या बाजूला, समोरासमोर उभे राहिले, एका बाजूला नोटेल, दुसऱ्या बाजूला फ्लाय. ओजी २-१. मी ती मॅच भारतातल्या भल्या पहाटे बघितलीये आणि हातात धरलेला चहा गार झालेला कळलंच नाही. ईजी पुढे तिसरी आली, म्हणजे त्या वर्षी पहिल्या तीनमधल्या दोन टीम ओपनमधून आलेल्या होत्या, हे कुणी सांगतच नाही.

फायनलला समोर चीनची पीएसजी एलजीडी. पहिला गेम ओजीचा, मग दोन एलजीडीचे, चौथ्यातही एलजीडी पुढे, आणि तिथून सेबच्या हातातल्या हिरो अ‍ॅक्सनं फाइट फिरवली. पाचवा पण ओजीचा. ३-२. बक्षिसाची एकूण रक्कम अडीच कोटी डॉलरच्या वर, त्यातले १ कोटी १२ लाख डॉलर ओजीला. पुढच्या वर्षी शांघायला त्याच पाच जणांनी टीम लिक्विडला ३-१ हरवून परत टीआय घेतली, तोवर दोनदा कुणीच जिंकलं नव्हतं.

तर मित्राला सांगा, अनुभव होता, पण तो पाचातल्या दोघा-तिघांकडे होता आणि तोही महिन्याभरात जोडलेल्या टीममधे. माझ्या मते त्यांना ओपनचा फायदाच झाला. नवीन पाच जणांना एकमेकांचा अंदाज यायला भरपूर गेम लागतात, आणि हरलो तर बाहेर अशा दडपणाखालचे ते गेम त्यांना तिथे मिळाले, स्क्रिममधे ते दडपण येत नाही.

ओजी सोडून अजून कुठल्या टीम अशा खालून आल्यात? (पुणे)

इथे जरा काटेकोर बोलायला पाहिजे कारण लोक ओपन, रीजनल आणि वाइल्ड कार्ड, म्हणजे मुख्य स्पर्धेच्या तोंडावर शेवटच्या जागा ठरवणारी फेरी, सगळं एकाच टोपलीत टाकतात. २०१५ ला सिएटलमधे चीनची सीडीईसी वाइल्ड कार्डमधून मुख्य स्पर्धेत आली, एलजीडीची ज्युनियर टीम म्हणून सुरू झालेली पोरं, आणि थेट फायनल गाठली, ईजीकडून ३-१ हरली. २०२१ ला बुखारेस्टला टीम स्पिरिट पूर्व युरोपच्या रीजनलमधून आली आणि पीएसजी एलजीडीला ३-२ हरवून जिंकली, ते बक्षीस सगळ्यात मोठं, एकूण ४ कोटी डॉलर. त्यांच्या कोलॅप्सचा मॅग्नस हा हिरो ज्यांनी बघितला त्यांना वेगळं काही सांगायला नको. २०२२ ला सिंगापूरला टीम सीक्रेट शेवटच्या संधीच्या क्वालिफायरमधून येऊन फायनलला पोचली, तिथे टुंड्राकडून ३-० हरली. आणि २०२५ ला हॅम्बर्गला एक्सट्रीम गेमिंग चीनच्या क्वालिफायरमधून येऊन फायनलला फाल्कन्सशी ३-२ पर्यंत लढली.

म्हणजे क्वालिफायरवाली टीम कच्ची असते हा समज सोडून द्या. आमंत्रण हे मागच्या वर्षभराच्या खेळावर मिळतं, क्वालिफायर आत्ताच्या खेळावर.

माझा मुलगा अकरावीला आहे, क्वालिफायरची तयारी म्हणून रात्री तीन-तीन वाजेपर्यंत खेळतो. हा जुगारच ना? सरकारनं बंद केलं होतं ना हे? (कल्याण)

ताई, जुगार नाही. ऑगस्ट २०२५ मधे ऑनलाइन गेमिंगचा जो केंद्राचा कायदा झाला त्यात पैसे लावून खेळायचे गेम बंद केले, ईस्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. त्याआधी डिसेंबर २०२२ ला केंद्रानं ईस्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे दिलंच होतं. टीआयच्या क्वालिफायरला पैसे भरायला लागत नाहीत, तुमच्याकडे कुणी भरायला मागत असेल तर ती दुसरी कुठली तरी भानगड आहे, देऊ नका.

पण रात्री तीनचं मला पटत नाही. आपल्या रीजनच्या मॅच आग्नेय आशियाच्या वेळेनं लागतात आणि सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे आहे, म्हणजे मॅच आपल्याकडे सकाळी-दुपारी. रात्री तीनला जागून सकाळच्या मॅचची तयारी होत नाही, उलट रिअ‍ॅक्शन मंदावतात. त्याला विचारा, तुझ्या टीमचे बाकी चौघं कोण, स्क्रिम किती वाजता, कॅप्टन कोण. नावं आणि वेळ पटापट सांगितली तर तो खरंच टीममधे आहे, मग त्याच्याशी बसून वेळ ठरवा, संध्याकाळचे दोन तास द्या. सांगता आलं नाही तर तो नुसता खेळतोय, मग तो विषय अभ्यास आणि झोपेचा, क्वालिफायरचा नाही. आणि एकदा त्याच्याशेजारी बसून एक मॅच पूर्ण बघा, रागावण्यासाठी नाही, तो काय करतोय ते कळण्यासाठी. तो तुम्हाला सगळं समजावून सांगेल, मुलं सांगतात.

भारताची टीम टीआयला अजून का पोचली नाही? (पणजी, आणि असाच प्रश्न ठाणे, दुबई)

हा प्रश्न मला दरवर्षी टोचतो. खेळाडू नाहीत असं नाही. २०२२ ला बर्मिंगहॅमला पहिल्या कॉमनवेल्थ ईस्पोर्ट्स चॅम्पियनशिपमधे मोईन एजाजच्या कॅप्टनशिपखाली आपल्या टीमनं डोटामधे ब्राँझ आणलं. प्रेक्षक नाहीत असंही नाही, एप्रिल २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममधे ईएसएल वन मुंबई झाली, चीनची कीन गेमिंग जिंकली, आणि तिथला आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना विचारा.

अडतं कुठे, तर एक म्हणजे पिंग, सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ. क्वालिफायर सिंगापूरच्या सर्व्हरवर, आपल्याकडून साधारण साठ ते शंभर मिलिसेकंद, समोरचा दहा-वीसवर. लास्ट हिटला, म्हणजे शेवटचा फटका मारून सोनं मिळवायला, आणि ब्लिंक मारून स्टन टाकायला, म्हणजे क्षणात जवळ जाऊन समोरच्याला थिजवायला, तो फरक हाताला जाणवतो. दुसरं म्हणजे आपल्याकडे पैसा आणि पोरं दोन्ही मोबाइल गेमकडे गेली, डोटाला वर्षभर पगार देणारं कुणी राहिलं नाही. आणि तिसरं, जे मला सगळ्यात मोठं वाटतं, आपल्या टीम एक क्वालिफायर हरल्या की मोडतात. पुढच्या वर्षी तीच पोरं नवीन नावानं, नवीन चौघांबरोबर, परत शून्यापासून. पिंग आपल्या हातात नाही, पैसा पण नाही, पण पाच जणांनी दोन वर्षं एकत्र राहायचं हे तरी आपल्या हातात आहे.

बाकी आपल्या मातीशी नातं सांगणारे टीआयला जिंकलेत. २०१५ ला ईजीच्या टीममधे भारतीय वंशाचा अमेरिकन साहिल अरोरा, म्हणजे युनिव्हर्स, आणि कराचीत जन्मलेला १६ वर्षांचा सुमेल, दोघं होते. सीडीईसीविरुद्ध फायनलच्या शेवटच्या गेममधला युनिव्हर्सनं अर्थशेकर या हिरोनं मारलेला एको स्लॅम आजही लोक काढून बघतात.

ओपन क्वालिफायर बघायला मजा येते का, की फक्त मुख्य स्पर्धाच बघावी?

पहिले राउंड सोडून द्या, शेवटचे दोन राउंड नक्की बघा. नावं ओळखीची नसतात म्हणून लोक कंटाळतात, तर एक करा, एखादी टीम धरा आणि तिचेच सगळे गेम बघा, पहिल्या तीन बॅनकडे लक्ष ठेवा. समोरचा त्या टीमच्या कुठल्या प्लेयरला घाबरतो ते बॅनवरून कळतं, आणि मग रीजनलला तेच नाव दिसलं की तुम्हाला आधीच माहीत असतं. सांगलीच्या पाच जणांनी नाव दिलं तर टीमचं नाव मला कळवा, मी बघणार आहे.